पुढच्या गाडीचा लाल दिवा

वस्तीवरून, ता. शेवगाव
मंगळवार, १४ जानेवारी २०२५, संक्रांत

वैजा,

आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर. डब्यात तिळगूळ घातलाय, कारन सणाचा डबा गोडाबिगर धाडायची मला सवय न्हाई. पन 'गोड बोला' असलं मी यंदा लिहिनार न्हाई. तू तिळगूळ खा आन गोड बोलायचं सोड. खरं बोल.

परवा रविवारी सांजच्याला तू माझी पोरगी मित्राच्या मोटारीतनं आनून दारात उतरवलीस. हात गळ्यात बांधलेला, गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलेलं, गुडघ्याला कातडं न्हाई. "कुत्रं आडवं आलं मावशी" म्हनलास आन चहा न पिता निघालास. ज्या घरात तू दोन दोन महिने सुट्टीला राहून चुलीतली राख सुद्धा खाल्लीस, त्या घरात चहा न्हाई? तवाच मला कळलं, ह्या कुत्र्याला पाय न्हाईत. पोरीला विचारलं तर "पडले" एवढंच म्हनती.

दोन दिस झाले फोन लावते. एकदा उचललास तर "मावशी, मिटिंगमध्ये हाय." तू कंपनीत मशीन चालवतोस का सरकार चालवतोस? म्हनून ही चिठ्ठी एसटीनं जानाऱ्या मंगळवारच्या डब्यात घातली. फोनवर बोललेलं हवेत जातं. कागदावरचं माझ्या हातात राहतं. मी चौथीतनं शाळा सोडली, पन वाचाया येतं मला.

दिपाली तुझ्याकडं सावेडीला आली ती तूच बोलावलीस म्हनून. "गाडी शिकून तीन आठवडे झाले ना, मग आमच्या ग्रुपबरोबर मोहट्याला चल, हात साफ होईल, देवीचं दर्शन होईल." सात गाड्या. तुम्ही सहा दांडगे, आन एक माझी पोर, शंभर सीसीच्या जुन्या गाडीवर. ते बोलावनं तुझ्या शब्दात हाय, माझ्या न्हाई.

एक तारखेपासनं तिचं डेअरीचं काम सुरू होनार हुतं. वस्त्या-वस्त्यांवर जाऊन गाईम्हशींना इंजेक्शनं द्यायची. साहेबानं सर्टिफिकेट मागनं बघितलं, आधी विचारलं, "गाडी येते का?" आमच्या वस्तीवर एसटी येत न्हाई, हे तुला ठाऊक हाय. गाडी न्हाई तर काम न्हाई. काम न्हाई तर तुझे काका दोन वर्षं झाली एकच बोलतायत, पोरीला उजवून टाका.

एवढंच सांग. ती पडली तवा तू तिच्यापासनं किती लांब हुतास?

लंकामावशी


सावेडी, नगर
शनिवार, १८ जानेवारी २०२५

मावशीस नमस्कार.

तिळगूळ मिळाला. आईने डब्यात शेंगदाण्याचे लाडू घातले आहेत.

तू फार रागावली आहेस, आणि ते बरोबरच आहे. पण नीट समजून घे. आमचा ग्रुप म्हणजे टवाळ पोरांची टोळी नाही. आम्ही सगळे नोकरदार आहोत. हेल्मेटशिवाय कोणाला घेत नाही. दिपालीचं हेल्मेट मीच तपासलं होतं, आणि त्याच्यामुळेच डोकं वाचलं, हे डॉक्टरही म्हणाले.

ती नवीन, म्हणून तिला मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. मागे कोणी नसलं की हॉर्न मारणारं कोणी नाही, आपल्या वेगाने आरामात येता येतं. मी तिला म्हणालो होतो, "घाई करू नकोस, आम्ही करंजीला घाटाखाली थांबतो."

कुत्रं अचानक येतं, त्याला कोण काय करणार? मी लगेच पोचलो. हाड सहा आठवड्यांत जुळतं. एवढ्या-तेवढ्याने घाबरून कसं चालेल? पहिल्यांदा सगळेच पडतात. मीसुद्धा पडलो होतो, आठवतं ना, तुझ्याच बांधावर.

तुझा,
वैजनाथ


वस्ती
मंगळवार, २१ जानेवारी

वैजा,

लाडू तुझ्या आईच्या हातचे म्हनून खाल्ले. तुझ्या हातचे असते तर शेळीला घातले असते.

परवा आमच्या दारात एक पिकअप थांबली. भागवत नावाचा मानूस, कांद्याच्या मोकळ्या गोन्या घेऊन पाथर्डीकडं चालला हुता त्या रविवारी. त्याची सासुरवाडी हितं जवळच. "पोरगी कशी हाय ते बघाया आलो," म्हनला, आन दिपालीची एक चप्पल पिशवीतनं काढून दिली. परक्या मानसाला एवढं कळतं.

त्यानं सगळं सांगितलं. मेहेकरी सोडल्यावर तुमी त्याला टोळधाडीसारखे मागं टाकून गेलात. पुढं नारंगी गाडी, तिला आरसे न्हाईत, दोन्हीबी न्हाईत. मग बाकीचे. मग लई वेळानं ही, एकटी, गाडीच्या मानंनं लई जोरात. त्याला म्हनं तवाच वाटलं हुतं की ही पोरगी स्वतःच्या चालीनं जात न्हाई. घाटाच्या उतारावर दुसऱ्या वळनाला तिची गाडी रस्त्याकडंला खडीवर घसरलेली त्याला दिसली. कुत्रं? मी विचारलं. तो म्हनला, "मावशी, कुत्रं काय मांजर बी नव्हतं."

त्यानं तिला उठवून सावलीला बसवली. तिच्या फोनवरनं तुला फोन लावला. अकरा मिनिटं झाली तवा तू आलास. अकरा. त्यानं घड्याळ बघितलं, कारन पोरगी सारखी म्हनत हुती, "दादा आत्ता येतील." आन दादा खाली करंजीत मिसळ खात हुता! "लगेच पोचलो" म्हनं. मिसळीचा पाव संपवून लगेच का, त्याच्या आधी लगेच?

नारंगी गाडी तुझीच ना? आरसे का काढलेस रे? गाडी देखनी दिसती म्हनून? मागं कोन मेलं ते दिसू नये म्हनून?

आता माझं ऐक. मी बारा पट्टे, म्हंजे बारा हंगाम, ऊस तोडला. कारखान्याकडं जाताना आमच्या पंधरा-पंधरा बैलगाड्या रांगेनं चालायच्या. मुकादमाची गाडी पुढं. तिच्या मागं, दोन नंबरला, ज्याचा बैल अशक्त, ज्याची बाई नुकती बाळंत झालेली, त्याची गाडी. आन सगळ्यात शेवटी जानता गडी, कंदील घेऊन. का? तर मुकादमानं मागं वळून बघितलं की पयलं त्याला अशक्त बैलच दिसायचा. तो जेवढा चालंल तेवढीच रांग चालायची. एका पट्ट्याला तू माझ्या गाडीत बसून आल्तास. आठ वर्षांचा हुतास. आपला सोन्या बैल पायानं अधू हुता आन आपन दोन नंबरला हुतो. तूच मुकादमाच्या पोराला वाकुल्या दाखवायचास.

आन तू माझ्या पोरीला शेवटी ठेवलीस. "मागे कोणी नसलं की आरामात." मागं कुनी नसलं की पडली तरी कुनाला कळत न्हाई, असं लिही.

ती म्हनती, आता गाडीवर बसनार न्हाई. गाडीवर गोनपाट टाकून ठेवलंय तिनं, मढ्यावर टाकत्यात तसं. साहेबानं पाडव्यापतूर वाट बघतो म्हनून सांगितलंय. तुझे काका गिऱ्हाईक बघतायत. गाडीला आन पोरीला, दोन्हीला.

लंकामावशी


वस्ती
मंगळवार, ४ फेब्रुवारी

वैजा,

डबा रिकामा आला.

दोन शनवार मी एसटी स्टँडवर जाऊन कंडक्टरला विचारलं, तो म्हनला, काय दिलं न्हाई. काल डबा आला, आन रिकामा आला. धुतलेला बी न्हाई. चटनीचं तेल कडंला तसंच. तीस वर्षात माझ्या आन तुझ्या आईच्या मधी कुठलंच भांडं रिकामं गेलं-आलं न्हाई. दुष्काळात सुद्धा आमी चिमूटभर साखर घालून धाडायचो. घरात कायच नसलं तर कडुलिंबाचा पाला घालायचो आन दोघी हसायचो.

तुझ्या आईला ठाऊक न्हाई, मला कळतंय. डबा तू भरून दिलास. म्हंजे न भरून.

राग आला असंल तर राग घालून धाड. शिव्या घाल. पन रिकामा धाडू नको. आज मी बी काय घातलं न्हाई, नुसती ही चिठ्ठी हाय. वाच आन लाज वाटली तर लिही.

लंका


सावेडी
शनिवार, ८ फेब्रुवारी

मावशी,

कुत्रं नव्हतं. आरसे मी काढले होते. फोन आला तेव्हा मी मिसळ खात होतो. झालं समाधान?

डब्याचं चुकलं. तुझी चिठ्ठी आईच्या हाती लागू नये म्हणून लपवत होतो, त्या गडबडीत डबा तसाच दिला. आईला अजून खरं माहीत नाही. खोटं बोललो कारण त्या दिवशी तुझ्या दारात उभं राहून "मी तिला मागे सोडून गेलो" हे तोंडातून निघेना.

पण आता मीही एक विचारतो, आणि तूही कागदावरच उत्तर दे.

मी तिला "तुझ्या वेगाने ये" असं तीनदा सांगितलं. भिंगारला पेट्रोल भरलं तेव्हा राम म्हणाला (तो आमच्यात सगळ्यांत जोरात चालवतो), "वैज्या, तुझी बहीण शिकाऊ वाटत नाही रे, शेपटासारखी चिकटलीय." मला कौतुकच वाटलं, गाढव मी. तरी तिला विचारलं, "एवढी जोरात का येतेस?" ती काय म्हणाली माहीत आहे? "आईने सांगितलंय, दादाच्या गाडीचा लाल दिवा नजरेआड होऊ द्यायचा नाही. काही झालं तरी."

मी सगळ्यांच्या पुढे. ती सगळ्यांच्या शेवटी. मधे पाच गाड्या. माझा दिवा तिला दिसायचा तर शंभरच्या गाडीने तिने कसं यायचं, मावशी? तिचा जीव जाईपर्यंत पिळली असेल तिने ती गाडी.

मी तिला शेवटी ठेवलं, हे माझं. पण ते वाक्य कोणाचं?

डब्यात आईने तिळाची चटणी घातली आहे. मी डबा धुतला आहे.

वैजनाथ


वस्ती
मंगळवार, १८ फेब्रुवारी

वैजा,

मागच्या मंगळवारी डबा धाडला न्हाई. तुझ्या आईनं फोन करून विचारलं, आजारी हायेस का? व्हय म्हनले. काय सांगू?

ते वाक्य माझं.

शनवारी ती निघाली तवा गाडीचं हँडल धरून मी उभी हुते. असं म्हनले, "वैजूला सोडू नको. त्याचा लाल दिवा नजरेआड झाला न्हाई पायजे." का म्हनले? तर पाच परके गडी संगं. कुनी काय बोललं, कुनी काय केलं, तर भाऊ जवळ पायजे. आन खरं सांगू, त्या गड्यांची भीती नव्हती एवढी. गावाची हुती. भागूबाईनं सकाळी नळावर विचारलंच हुतं, "पोरगी एकलीच चालली व्हय सहा गड्यात?" तिच्या तोंडाला कुलूप लावाया मी माझ्या पोरीच्या गळ्यात दोर बांधला. एक टोक तुझ्या गाडीला. तू सुटलास वाऱ्यासारखा, आन दोर तिच्याकडनं तुटला.

बारा पट्टे ऊस तोडनारी मी. कुठल्या बैलाला कुठं जुंपायचं ते मला ठावं. पन यंत्राच्या गाडीचं आपल्याला काय कळतंय, ती शिकली-सवरलेली पोरं, असं वाटलं. म्हनून दोन नंबरचं सांगायचं सोडून गावाच्या तोंडाचं सांगितलं. माझ्यासारखी गाढवी तालुक्यात न्हाई. हे मी कुनाला म्हनले न्हाई, दिपालीला बी न्हाई. महिनाभर तुला शिव्या देत हुते, त्यातल्या निम्म्या मला हुत्या.

पन तू लई खुश होऊ नको. तुझ्या वाट्याच्या निम्म्या तुझ्याच.

काल रात्री तिला सांगितलं. ती मग म्हनली, "आई, मला वाटलं मलाच येत न्हाई." महिनाभर ती पोर मनात हे घेऊन बसली हुती, वैजा. तिला वाटत हुतं ती वाईट चालवती. आन आपन दोघं तिच्या डोक्यावर कुत्र्यावरनं भांडत हुतो.

आता काय करायचं ते मी ठरवलंय, तू फक्त व्हय म्हन. सोळा मार्चला रविवार हाय. डॉक्टरनं तवर हाड जुळल म्हनून सांगितलंय. तुझे सगळे दांडगे घेऊन शेवगावला ये. आरसे लावून ये, न्हाईतर मी दगड मारून गाडीचा दिवा बी फोडीन. शेवगाव, तिसगाव, करंजी, घाट चढून मेहेकरी, आन परत तोच घाट उतरून. तू मुकादम. ती दोन नंबरला. आन तो सगळ्यात जोरात चालवनारा राम का कोन, तो शेवटी, कंदीलवाला. ती जेवढी चालंल तेवढीच रांग चालंल. तिनं चाळीसनं चालवली तर चाळीस. वीसनं चालवली तर वीस. ज्याला जमत न्हाई त्यानं घरी बायकोच्या पदराखाली झोपावं.

मी येनार न्हाई. मी आले तर वरडेन, आन ती घाबरंल.

लंका


सावेडी
शनिवार, ८ मार्च

मावशी,

आरसे लावले. मेकॅनिक हसला, म्हणाला, "लग्न ठरलं वाटतं."

ग्रुपमध्ये तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. शिव्यांसकट. दोघांनी सांगितलं, आम्हाला त्या रविवारी काम आहे. राम म्हणाला, "चाळीसने चालवली तर माझं इंजिन भाजीसारखं शिजेल." मी म्हणालो, मग नको येऊस. रात्री त्याचा मेसेज आला, "कंदील कुठून आणायचा ते तुझ्या मावशीला विचार."

म्हणजे आम्ही चौघं येऊ. आईला मी सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या गाडीचे आरसे पदराने पुसले.

फक्त एक सांग, दिपाली तयार आहे का? तू ठरवलंस, मी हो म्हणालो, राम तयार झाला. तिला कोणी विचारलं आहे का?

वैजनाथ


वस्ती
मंगळवार, ११ मार्च

वैजा,

तू अक्कल कधीपासून विकत घ्याया लागलास?

विचारलं न्हवतं. तुझी चिठ्ठी वाचून विचारलं. ती म्हनली, "सांगते." काल सकाळी बघते तर गोनपाट काढून बाजूला टाकलेलं, आन ती गाडीची साखळी पुसत बसलेली. तिच्या गाडीचा डावा आरसा तवाच फुटलाय. एवढंच म्हनली, "दादाला म्हन, येताना आरसा आन."

लंका


सावेडी
सोमवार, १७ मार्च

मावशी,

दिपालीने घरी येऊन तुला काय सांगितलं कोण जाणे, ती तर मोजून बोलते. म्हणून आजच लिहितो, डबा शनिवारी येईल.

आरसा मी शेवगावच्या स्टँडसमोरच बसवून दिला. मग मी पुढे, ती दोन नंबरला, मागे दोघं, शेवटी राम. तिसगावपर्यंत ती पस्तीसच्या वर गेली नाही. मावशी, पस्तीसने चालवणं सोपं नाही, हात शिवशिवतात. करंजीच्या अलीकडे घाट दिसला तशी ती वीसच्या खाली आली, आणि उसाच्या ट्रॅक्टरने आम्हाला ओव्हरटेक केलं. दोन ट्रॉल्या भरलेल्या! ड्रायव्हर ओरडला, "काय रे पोरांनो, पेट्रोल संपलं का लग्नाची वरात हाय?" रामने मागून उत्तर दिलं, "वरातच हाय, नवरी पुढं हाय!" दिपाली हसली. मला आरशात दिसलं. हेल्मेटच्या काचेतून दात दिसतात हे मला पहिल्यांदाच कळलं.

घाट चढलो, मेहेकरीला चहा घेतला, परत फिरलो. उतरताना मी वीसवर आलो. पहिलं वळण झालं. दुसरं वळण मी घेतलं आणि आरशात पाहिलं, तर ती नव्हती.

ते जे काही क्षण होते, मावशी, ते मी तुला लिहू शकत नाही. मला ती अकरा मिनिटं कळली. गाडी कडेला लावली आणि पळत वर गेलो.

ती उभी होती. वळणाच्या अलीकडे, डाव्या बाजूला, गाडी बंद करून, दोन्ही पाय जमिनीवर. खडीकडे बघत होती. तिच्या मागे बाकीचे उभे. कोणी हॉर्न मारला नव्हता, कोणी हाक मारली नव्हती. रामने सगळ्यांच्या मागे गाडी आडवी लावून वरून येणाऱ्या टेम्पोला हाताने थांबवून धरलं होतं, आणि टेम्पोवाल्याच्या शिव्या शांतपणे खात होता.

मी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही. त्या दिवशी हे वळण मला दिसलंच नव्हतं. मी फक्त तुझा दिवा शोधत होते. आज बघून घेते." मग म्हणाली, "तू जा पुढे. मी येते."

मी खाली गेलो, गाडीवर बसलो आणि आरशात बघत राहिलो. ती आली. सावकाश, खडी टाळून.

तिच्यासाठी थांबण्यात माझं काय गेलं असतं त्या दिवशी? एक मिसळ गार झाली असती.

वैजनाथ


वस्ती
मंगळवार, १ एप्रिल

वैजा,

डब्यात पाडव्याच्या पुरनपोळ्या हायेत. चार तुझ्या, दोन तुझ्या आईच्या, आन एक त्या रामाला, कंदिलाबद्दल. त्याची तू खाल्लीस तर मला कळंल.

तुझी चिठ्ठी तुझ्या काकांना वाचून दाखवली. त्यांनी सांजच्याला गाडीत हवा भरून आनली. गिऱ्हाईकाला काय सांगितलं ते मी विचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई.

काल तिचा कामाचा पयला दिस. सकाळी सहाला निघाली, इंजेक्शनची पेटी मागं बांधून. तुझा ग्रुप न्हाई, तू न्हाई, कुनीच न्हाई. भागूबाई नळावर उभीच हुती. "एकलीच चालली व्हय?" मी म्हनले, "व्हय, एकलीच. तुझी म्हस आजारी पडल तवा तिलाच बोलाव, आन पैसे रोख दे."

मग मी दिपालीच्या गाडीचं हँडल धराया गेले, आन हात मागं घेतला. "वेळेत ये" म्हनले न्हाई. "जपून" बी म्हनले न्हाई. तिचं तिला कळतं. म्हनले, "तुझ्या चालीनं जा." ती म्हनली, "व्हय गं."

गाडी पाटाच्या चारीच्या कडंनं गेली. तिचा लाल दिवा बाभळीपतूर दिसला. मग वळनावर नजरेआड झाला.

मी बघत उभी राहिले न्हाई. आत गेले आन भाकरी थापली.

आशीर्वाद उरलाय थोडा. घे.

लंकामावशी